प्रॉडिजी पी३ ट्रेलर ब्रेक कंट्रोलर : निवड, जोडणी आणि दोन हंगामांचा वापर

माझ्या पिकअप ट्रकमागे दोन ॲक्सलचा कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर, असतो आणि सामानासह त्याचे वजन सुमारे २,७०० किलो भरते. त्याच्यासाठी दोन हंगामांपूर्वी मी टेकॉन्शा कंपनीचा प्रॉडिजी पी३ हा ट्रेलर ब्रेक कंट्रोलर निवडला आणि स्वतःच्या हाताने बसवला. त्याआधी तीन वर्षे मी दुसऱ्या प्रकारचा, एका गॅरेजने बसवून दिलेला कंट्रोलर वापरत होतो, त्यामुळे तुलना करण्याजोगा अनुभव गाठीशी आहे. या परीक्षणात यंत्राइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, त्याच्या जोडणीविषयी लिहिले आहे. चांगल्या कंट्रोलरची निम्मी किंमत वायरिंगमध्ये वसूल होते किंवा वाया जाते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

ज्यांनी ट्रेलर नुकताच घेतला आहे त्यांच्यासाठी मूळ गोष्ट आधी सांगतो. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ड्रम ब्रेकमध्ये ट्रककडून येणारी तेलाची नळी नसते. प्रत्येक ड्रमच्या आत एक विद्युतचुंबक असतो. त्यात वीज सोडली की तो फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या सपाट बाजूला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर किंचित ओढला जातो आणि त्याला जोडलेली दांडी ब्रेक शू बाहेर दाबते. वीज जितकी जास्त तितकी पकड घट्ट. ही वीज केव्हा आणि किती सोडायची, एवढे एकच काम कंट्रोलरकडे असते, पण ट्रकपेक्षा जड असू शकणारे धूड त्या एका कामावर थांबते. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे सक्तीचे आहे, कॅलिफोर्नियात हीच मर्यादा १,५०० पौंड आहे, तर ऑस्ट्रेलियात ती ७५० किलो आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, लांब उतारावर ट्रकचे ब्रेक तापून पेडल मऊ पडू लागल्याचा अनुभव ज्याने एकदा घेतला आहे, त्याला हे पटवून द्यावे लागत नाही.

कंट्रोलरचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि निवडीचा खरा प्रश्न या दोघांमधलाच आहे. पहिला प्रकार वेळेवर चालणारा. पेडल दाबले की ब्रेक लाइटच्या वायरमध्ये वीज येते, ती पाहून हा कंट्रोलर आपण ठरवून दिलेल्या पातळीपर्यंत ठरावीक वेळात वीज चढवत नेतो. पेडल हलकेच टेकवले आहे की जिवाच्या आकांताने दाबले आहे, याची त्याला काहीच कल्पना नसते. दुसरा प्रकार प्रमाणबद्ध. त्याच्या आत ट्रकचा वेग किती झपाट्याने कमी होतो आहे हे मोजणारा संवेदक असतो आणि त्या मोजमापाच्या प्रमाणात तो ट्रेलरला वीज देतो. ट्रक हळू थांबत असेल तर ट्रेलरही हळू थांबतो, ट्रक कचकन थांबला तर ट्रेलरलाही पूर्ण ब्रेक लागतो.

माझा पहिला कंट्रोलर वेळेवर चालणारा होता. मोकळ्या रस्त्यावर त्याने फारसा त्रास दिला नाही. गाड्यांच्या रांगेत मात्र, जिथे दर काही मीटरला पेडल नुसते टेकवावे लागते, तिथे ट्रेलर प्रत्येक वेळी ठरलेला पूर्ण डोस घ्यायचा आणि मागून हिसका बसायचा. तो हिसका टाळण्यासाठी पातळी खाली आणली की तातडीच्या वेळी ब्रेक कमी पडायचा. या दोन्हींच्या मधला आकडा मी तीन वर्षे शोधला आणि तो सापडला नाही, कारण या पद्धतीत तो असू शकत नाही. अधूनमधून हलका ट्रेलर थोड्या अंतरावर नेणाऱ्याला हा प्रकार चालून जाईल. मात्र माणसे आणि सामान घेऊन घाट उतरणाऱ्याने तो घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

प्रमाणबद्ध घ्यायचा हे ठरल्यावर माझ्यापुढे तीन पर्याय उरले. ऑस्ट्रेलियन बनावटीच्या रेडार्क टो-प्रो एलीटमध्ये मुख्य डबा डॅशबोर्डच्या मागे लपतो आणि चालकासमोर फक्त एक गोल बटण राहते. ज्यांना केबिनमध्ये काहीही लोंबकळलेले आवडत नाही किंवा खडकाळ रस्त्यावर ट्रेलरचा ब्रेक हाताने ठरवायचा असतो, त्यांनी त्याचा विचार जरूर करावा. कर्ट एको हा ट्रकच्या मागच्या सॉकेटमध्ये आणि ट्रेलरच्या प्लगमध्ये बसतो आणि फोनवरून ब्लूटूथने चालतो. एकच ट्रेलर वेगवेगळ्या ट्रकांमागे ओढणाऱ्याला तो सोयीचा आहे. ट्रेलर डोलू लागला की फक्त ट्रेलरचा ब्रेक लावण्याची कळ मात्र मला नजर न वळवता बोटाला सापडणारी हवी होती आणि फोनचा सपाट पडदा त्या कामाचा नाही, म्हणून तो पर्याय मी सोडला. पी३ ला डब्याच्या तोंडाशीच सरकवायची कळ आहे, एक ते चार ॲक्सलपर्यंतचे ट्रेलर तो सांभाळतो, ड्रमऐवजी विजेवर चालणाऱ्या हायड्रॉलिक पंपाचे डिस्क ब्रेक असतील तर त्यासाठी वेगळी रीत त्यात आहे, आणि बिघाड झाला तर तो सांकेतिक अक्षरांऐवजी शब्दांत सांगतो. त्याच्या पडद्याचे खरे मोल मला पुढे कळले. नवा ट्रक घेणाऱ्यांनी कारखान्यातूनच कंट्रोलर बसवून घ्यावा. फोर्डने २००५ च्या सुपर ड्यूटी ट्रकपासून ही सोय दिली आणि आता इतर कंपन्याही देतात. ट्रकच्या स्वतःच्या ब्रेक यंत्रणेशी जोडलेला तो कंट्रोलर बाहेरून आणलेल्या कोणत्याही डब्यापेक्षा अधिक जाणकार असतो.

आता जोडणी. बाहेरून बसवायच्या बहुतेक कंट्रोलरना चार वायरी असतात: काळी बॅटरीच्या धन टोकाकडून वीज आणते, पांढरी बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाते, लाल ब्रेक पेडलच्या स्विचला जोडतात आणि निळी ट्रेलरच्या ब्रेककडे वीज नेते. ट्रककडच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीत वेगळे असतात, म्हणून ट्रकच्या बाजूला रंगावर विसंबू नये, मल्टिमीटरवर विसंबावे.

लाल वायरीविषयी जरा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. जुना कंट्रोलर असताना एकदा मी रस्त्याच्या कडेला थांबलो होतो. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून हळूच पुढे निघालो, तर ट्रेलर तालात ओढ घेऊ लागला. दिवे लागले की ओढ, विझले की मोकळा. त्या गॅरेजने लाल वायर पेडलच्या स्विचवर न जोडता मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या अशा वायरीवर जोडली होती, जिच्यात धोक्याच्या दिव्यांची वीजही येत होती. त्यामुळे दिव्याच्या प्रत्येक उघडझापीला कंट्रोलर समजत होता की चालकाने ब्रेक दाबला. तीन वर्षांत ही चूक माझ्या लक्षात आली नव्हती, कारण धोक्याचे दिवे लावून ट्रेलर ओढण्याची वेळच क्वचित येते. लाल वायरीची योग्य जागा म्हणजे पेडलच्या स्विचचे ते टोक, जिथे पेडल सोडलेले असताना शून्य व्होल्ट आणि दाबल्यावर १२ व्होल्ट मिळतात. नवी जोडणी करताना मुलीला पेडलवर बसवले आणि मी डॅशबोर्डखाली मीटर धरला: पेडल दाब, सोड, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हेडलाइट, असे सगळे एकेक करून पाहिले. पेडल वगळता इतर कशालाही मीटरचा काटा हलता कामा नये.

हे करताना दुसरी गोष्ट उघडकीस आली. माझ्या ट्रकमध्ये ओढकामाची कारखान्यातली तयारी होती, म्हणजे मागे सात पिनांचे सॉकेट आणि पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली, कंट्रोलरसाठी राखून ठेवलेला कनेक्टर. त्या कनेक्टरमध्ये चारही वायरी आधीच आलेल्या होत्या आणि गॅरेजने त्याकडे ढुंकूनही न पाहता ट्रकच्या मूळ वायरी सोलून त्यांना चिमटे लावले होते. त्या ट्रकच्या मॉडेलसाठी मिळणारा जोड-हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, एका टोकाला या कनेक्टरमध्ये आणि दुसऱ्या टोकाला कंट्रोलरमध्ये खटकन बसतो. एकही वायर कापावी लागत नाही. सोललेल्या जागा मी साफ करून नीट बंद केल्या, याला अख्खी दुपार गेली. नवा हार्नेस बसवायला वीस मिनिटेही लागली नाहीत. म्हणून ट्रकचे मॅन्युअल आधी वाचा आणि डॅशबोर्डखाली विजेरी घेऊन स्वतः झोपून पाहा, मगच पक्कड हातात घ्या. काही ट्रकांत कनेक्टर असतो, पण बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये त्याचा फ्यूज किंवा मागे जाणारी वायर जोडलेली नसते. कनेक्टर दिसला म्हणून वीज आहे असे गृहीत धरू नये.

ज्यांच्या ट्रकमध्ये अशी तयारी नाही, त्यांना काळी आणि निळी वायर नव्याने ओढावी लागेल, आणि तिथे जाडीत कंजुषी करू नये. दहा-बारा इंची ब्रेकचा एक चुंबक सुमारे ३.२ ओहमचा असतो, म्हणजे १२ व्होल्टला पावणेचार अँपिअर घेतो. दोन ॲक्सलचे चार चुंबक मिळून १५ अँपिअर झाले. आठ मीटर लांबीच्या १६ गेजच्या वायरीत एवढ्या प्रवाहाला दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो, १२ गेजमध्ये साधारण ०.६ आणि १० गेजमध्ये ०.४ व्होल्ट. गेजचा आकडा लहान म्हणजे वायर जाड, हे नव्याने काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. बॅटरीजवळ काळ्या वायरीवर आपोआप पूर्ववत होणारा सर्किट ब्रेकर घालावा, दोन ॲक्सलपर्यंत २० अँपिअरचा आणि तीन-चार ॲक्सलसाठी ३० अँपिअरचा. साधा फ्यूज एकदा उडाला की उडाला, आणि ट्रेलरचे ब्रेक तेवढ्यावर गेलेच. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.

डबा कुठे बसवायचा यावर मी बराच वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. पी३ चा संवेदक डब्याच्या आतच असल्याने डबा ट्रकच्या जाण्याच्या दिशेला समांतर असावा लागतो. वर-खाली कोणत्याही कोनात बसवलेला त्याला चालतो, डावी-उजवीकडे तिरका मात्र नको. शिवाय उजव्या हाताला न वाकता कळ सापडली पाहिजे, गुडघा त्याला लागता कामा नये, आणि गुडघ्यासाठी एअरबॅग असेल तर तिच्या उघडण्याच्या वाटेत तो येता कामा नये. मी पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा कापून चिकटपट्टीने तीन ठिकाणी लावून पाहिला आणि प्रत्येक जागी दोन दिवस ट्रक चालवला. पहिल्या दोन्ही जागा बसून पाहताना उत्तम वाटल्या होत्या. एकीत चढता-उतरताना गुडघा अडला, दुसरीत पडद्यावर ऊन पडून अक्षरे दिसेनाशी झाली.

कंट्रोलर चालू झाल्यावर पी३ चा जो गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो समोर आला. त्याच्या पडद्यावर बॅटरीचा दाब, ब्रेक लाइटच्या वायरीचा दाब, बाहेर जाणारा दाब आणि ब्रेकमधून जाणारा प्रवाह हे सगळे पाहता येते. ट्रेलर जोडून, इंजिन चालू ठेवून कळ पूर्ण सरकवली तेव्हा प्रवाह १३.७ अँपिअर दिसला. चार चुंबकांच्या हिशेबाने तो १५ च्या वर हवा होता. ट्रेलरखाली जाऊन चुंबकांच्या वायरींवर दाब मोजला तर पुढच्या ॲक्सलला १२.१ व्होल्ट आणि मागच्या ॲक्सलला अवघे ९.८. डॅशबोर्डवर पूर्ण ब्रेक, आणि मागची दोन चाके मात्र अर्धवट कामावर. शोध घेतला तेव्हा मागच्या ॲक्सलची वायर ॲक्सलच्या पोकळ नळीतून एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे नेलेली सापडली. आतमध्ये घासून तिचे आवरण गेले होते आणि तांबे हिरवे पडले होते. ती मी सोडून दिली, ॲक्सलच्या बाहेरून १२ गेजची नवी वायर संरक्षक नळीत घालून नेली, आणि अर्थिंगची वायर चौकटीच्या गंजलेल्या स्क्रूवरून काढून थेट प्लगच्या पांढऱ्या वायरीला जोडली. प्रवाह १५.४ झाला. जुना कंट्रोलर दुबळा आहे असे मी तीन वर्षे मानत होतो. त्यातला निदान काही दोष त्याचा नव्हता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

वीज पोचली तरी शू आणि ड्रममधले अंतर बरोबर नसेल तर ब्रेक धरत नाहीत. माझ्या ट्रेलरचे ब्रेक स्वतःहून अंतर जुळवून घेणारे नाहीत, तेव्हा चाक उचलून, मागच्या फटीतून चकतीचे दाते फिरवून ते जुळवावे लागतात. नव्या शूवर पहिल्या ३०० किलोमीटरनंतर आणि पुढे दर ५,००० किलोमीटरनंतर. नवे शू रुळवण्यासाठी ताशी ६५ किलोमीटरवरून ३० पर्यंत फक्त ट्रेलरच्या ब्रेकने वीसेक वेळा वेग उतरवावा आणि मध्ये त्यांना गार होऊ द्यावे.

पातळी ठरवणे सोपे आहे, पण ते रिकाम्या, सपाट आणि कोरड्या रस्त्यावरच करावे. ताशी ४० किलोमीटरवर पेडलला हात, म्हणजे पाय, न लावता कळ पूर्ण सरकवायची आणि चाके घसटणार नाहीत इतपत, पण त्याच्या अगदी जवळ, पातळी आणायची. चाक जाम झाले की त्याची बाजूला धरून ठेवण्याची ताकद जाते आणि ट्रेलर आडवा येऊ शकतो, म्हणून त्याच्या अलीकडेच थांबायचे. रिकामा ट्रेलर, भरलेला ट्रेलर आणि ओला रस्ता यांचे आकडे वेगळे निघतात. पी३ मध्ये पाच मांडण्या साठवता येतात; मी तीन साठवल्या आहेत. ‘बूस्ट’ नावाची जी सोय आहे ती पेडल दाबताक्षणी ट्रेलरला थोडी आगाऊ वीज देते. ट्रेलर ट्रकपेक्षा जड असेल तर ती वाढवावी. माझा ट्रेलर ट्रकच्याच वजनाच्या आसपास असल्याने पहिली पायरी मला पुरते, दुसरी लावली की गावातल्या वेगाला मागून ओढ जाणवते.

रस्त्यावरचा अनुभव थोडक्यात सांगता येतो, कारण चांगल्या कंट्रोलरची जाणीवच होत नाही. रांगेत हिसका नाही, उतारावर ट्रेलर मागून ढकलत नाही. दोन हंगामांत एकदाच, बाजूने मोठा मालवाहू ट्रक वेगाने गेला तेव्हा, कॅम्पर डोलू लागला. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबला तर मागचे वजन पुढे रेटते आणि डोलणे वाढते. स्टिअरिंग सरळ ठेवून, ॲक्सिलरेटर हळू सोडून, कळ हलकेच सरकवली आणि ट्रेलर तीन-चार हेलकाव्यांत सरळ झाला. त्या क्षणी मी कळेकडे पाहिलेही नव्हते.

उणिवा म्हणाल तर डबा मोठा आहे आणि छोट्या पिकअपमध्ये त्याला जागा करणे अवघड जाईल. दिशेची अट असल्याने तो कुठेही लपवता येत नाही. बसवण्याच्या ब्रॅकेटमधून तो काढून ठेवता येतो, ही जमेची बाजू. आणखी एक सावधगिरी कोणत्याही कंट्रोलरला लागू आहे: ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी जी पिन असते, तिची चाचणी घेताना ट्रेलरचा प्लग ट्रकमधून आधी काढावा, नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीची वीज उलट कंट्रोलरमध्ये शिरून तो जळू शकतो.

हिवाळ्यात मी डबा घरात ठेवतो आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी, ट्रेलर जोडल्याबरोबर, कळ सरकवून प्रवाह पाहतो. या वर्षी १५.४ ऐवजी ११.६ आकडा आला. बरोबर चौथा भाग कमी, म्हणजे एक चुंबक बंद. मागच्या डाव्या चाकाशी मी स्वतः दाबून बसवलेला जोड निसटला होता. तो कापून नवा बसवला, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवली, पुन्हा कळ सरकवली, १५.३ आले, आणि तासाभराने आम्ही निघालो.